चिवड्याच्या डब्यात हात पुन्हा का जातो?

दिवाळीच्या फराळाचं ताट समोर आलं की लाडू आपण मोजून खातो. एक बेसनाचा, फार तर एक रव्याचा. करंजी एक, अनारसा एक, चकल्या दोन किंवा तीन. आग्रह झाला तरी "आता पुरे" म्हणता येतं, कारण किती झाले ते ठाऊक असतं. चिवड्याचं तसं नाही. चिवडा किती खाल्ला हे कुणालाच सांगता येत नाही. भाऊबीज उलटेपर्यंत लाडवांचा डबा अर्धा तरी भरलेला असतो आणि चिवड्याच्या डब्यात तळाचं तिखटमीठ, पोह्यांचा चुरा आणि दोन-चार डाळ्या तेवढ्या उरलेल्या असतात.

याचं खापर आपण जिभेच्या चोचल्यांवर नाहीतर मनाच्या दुबळेपणावर फोडतो. मला हे पटत नाही. खाणं का थांबत नाही या प्रश्नावर गेल्या चार दशकांत जगभर बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं बहुतेक बटाट्याच्या वेफर्सवर, सँडविचवर, चॉकलेटवर झालं. पण त्यातला एकेक निष्कर्ष आपल्या घरच्या चिवड्याला लावून पाहिला, की लक्षात येतं: माणसाला थांबू न देण्यासाठी जे जे लागतं, ते जवळजवळ सगळं आपल्या आज्यांनी या एका पदार्थात नकळत आणून ठेवलं आहे. फरक इतकाच, की त्याला आवर घालणाऱ्या गोष्टीही त्यांच्या काळी होत्या, आणि त्या आता राहिलेल्या नाहीत.

आधी हिशोब मांडू. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा घ्या. प्रमाण घरागणिक बदलतं, पण साधारण १५० ग्रॅम तेल, १५० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, ७५ ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप, ५० ग्रॅम काजू, १५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम पिठीसाखर धरू. मिरच्या, कढीलिंब, हिंग, मोहरी, हळद वेगळी. सगळं मिळून किलोभर चिवडा होतो. त्यात तेल, दाणे, खोबरं, काजू यांचे मिळून सुमारे ३०० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात आणि पिष्टमय पदार्थ ५०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वजनाच्या ३० टक्के चरबी आणि जवळजवळ ५० टक्के पिष्ट. उष्मांक काढले तर १०० ग्रॅमला ५०० कॅलरी, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त नुसत्या स्निग्ध पदार्थांच्या.

हे आकडे आता जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठातल्या प्रयोगाशेजारी ठेवा. तिथल्या संशोधकांना बटाट्याचे वेफर्स थांबू का देत नाहीत हे शोधायचं होतं. त्यांनी पोट भरलेल्या उंदरांना चरबी आणि पिष्ट यांची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं दिली. उंदरांनी सर्वांत जास्त खाल्लं ते मिश्रण साधारण ३५ टक्के चरबीचं आणि ४५ ते ५० टक्के पिष्टाचं होतं. वेफर्समध्येही प्रमाण हेच असतं. २०१५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि खाणं केवळ जास्त कॅलरींमुळे वाढत नाही, या दोन घटकांच्या विशिष्ट प्रमाणामुळे वाढतं, असं दाखवून दिलं. आपला चिवडा या प्रमाणाच्या अगदी जवळ बसतो.

हे प्रमाण मेंदूला इतकं का भावतं, याचा एक धागा निसर्गात सापडतो. रानात चरबी मिळते ती मांसात, बियांत, कवचाच्या फळांत. पिष्ट आणि साखर मिळते ती कंदात, धान्यात, फळांत. दोन्ही एकत्र, भरपूर, असं निसर्गात फार क्वचित आढळतं. ठळक अपवाद दुधाचा. आईच्या दुधात साधारण चार टक्के चरबी आणि सात टक्के दुग्धशर्करा असते. २०१८ साली माणसांवर झालेल्या एका प्रयोगात सहभागींना वेगवेगळ्या खाऊवर बोली लावायला सांगितली होती. चरबी आणि पिष्ट दोन्ही असलेल्या पदार्थांसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले, कॅलरी सारख्या असूनही. मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागाचा प्रतिसादही त्या पदार्थांना जास्त होता.

मिठाचंही तसंच. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली 'अतिरुचकर' पदार्थांची काटेकोर व्याख्या केली. त्यातली एक कसोटी अशी: पदार्थाच्या २५ टक्क्यांहून जास्त कॅलरी चरबीतून येत असतील आणि वजनाच्या किमान ०.३० टक्के सोडियम असेल, तर तो थांबू न देणाऱ्या पदार्थांत मोडतो. आपल्या चिवड्यात ५० टक्क्यांहून जास्त कॅलरी चरबीच्या आणि सोडियम सुमारे ०.६ टक्के. दोन्ही आकडे कसोटीच्या दुप्पट.

पण नुसत्या रसायनावर चिवडा उभा नाही. नाहीतर तेल-मीठ लावलेला शिळा भात आपण असाच मुठी भरून खाल्ला असता. चिवड्याचा जीव त्याच्या कुरकुरीतपणात आहे, आणि ज्याने कधी चिवडा केला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पोह्यांना आधी कडक ऊन दाखवायचं. मग मंद आचेवर, हात न थांबवता, ते भाजायचे. आच वाढली की पोहे आकसतात आणि चिवडा चिवट होतो. चिमटीत घेऊन चुरले की चुरा झाला पाहिजे. फोडणीत मिरचीचे तुकडे आणि कढीलिंब पार कुरकुरीत होईपर्यंत तळायचे, कारण त्यांच्यातलं पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी अख्खा डबा सादळतो. खोबऱ्याचे काप बदामी झाले की लगेच उतरायचे, ते खाली आल्यावरही रंगत राहतात. या सगळ्या कटकटीचा उद्देश एकच: पाणी घालवणं.

पोहे होतात कसे ते पाहिलं की हे नीट कळतं. भात भिजवतात, तापलेल्या भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच कांडून किंवा रुळांखाली चपटा करतात. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाल्याने दाण्यातलं पिष्ट तिथेच शिजून निघतं. पोहे म्हणजे शिजवून, चपटा करून वाळवलेला तांदूळ. म्हणूनच ते भिजवले की न शिजवता खाता येतात. उलट, उरलंसुरलं पाणीही भाजून काढलं की त्या पातळ पापुद्र्यातलं पिष्ट काचेसारखं ताठ होतं. अशा अवस्थेत त्याला वाकता येत नाही, ते फक्त मोडू शकतं. दात लागताच ते तडकतं आणि तडकताना आवाज करतं. हवेतली थोडीशी ओल आत शिरली की पाण्याचे रेणू पिष्टाच्या साखळ्यांमध्ये घुसतात, साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात, पापुद्रा मऊ होतो आणि आवाज बंद पडतो. सादळणं म्हणजे एवढंच. चव जवळजवळ तीच असते, पण सादळलेल्या चिवड्याकडे हात जात नाही.

हा आवाज किती महत्त्वाचा, हे ऑक्सफर्डमधल्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ साली दाखवलं. लोकांना आवाजबंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि प्रिंगल्सचे वेफर्स चावायला दिले. चावण्याचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच क्षणी त्यांच्या कानात सोडला जात होता, पण कधी वाढवून, कधी दाबून. वेफर्स सगळे एकसारखे होते. तरी आवाज मोठा केला, किंवा त्यातले वरच्या पट्टीचे सूर वाढवले, की लोकांना तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि जास्त ताजा वाटायचा. या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात, आणि इथे तो अगदी योग्य जागी गेला. आपण ताजेपणा कानाने चाखतो, हे वेफर्सच्या कारखानदारांनी केव्हाच ओळखलं होतं.

चिवड्यात हा आवाज एका प्रकारचा नसतो. पातळ पोहा हलकेच चुरतो. दाणा घट्ट मोडतो. डाळं आधी टणक लागतं आणि मग पीठ होतं. खोबऱ्याचा काप क्षणभर वाकून तुटतो, तळलेला कढीलिंब जिभेवरच विरतो. एका घासात इतके पोत एकत्र आले की खाणं जास्त रुचतं, याला रॉबर्ट हाइड आणि स्टीव्हन विदर्ली या आहारशास्त्रज्ञांनी १९९३ साली 'बदलता विरोध' अशा अर्थाचं नाव दिलं. चवींचंही तसंच. एकच चव सलग घेत राहिलं तर तिचा कंटाळा येतो, आणि हा कंटाळा पोट भरण्याच्या आधीच आपल्याला थांबवतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली लोकांना आधी एकाच सारणाचे आणि मग चार वेगवेगळ्या सारणांचे सँडविच दिले. चार सारणं असताना लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. चिवड्याच्या मुठीत खारट, गोड, तिखट, किंचित आंबट आणि खमंग असं सगळं असतं, शिवाय प्रत्येक मुठीत त्याचं प्रमाण वेगळं. कंटाळ्याला शिरायला फट मिळत नाही.

तिखटाबद्दल थोडं. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या ग्राहकांना चेतवतं, तेच ग्राहक चटका बसल्याची बातमी मेंदूला देतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हे शोधलं, आणि २०२१ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. चिवड्यातला हा चटका लगेच जाणवत नाही, घास गिळल्यावर मागून येतो. साखर त्याची धार बोथट करते. ती साखर असते पुढच्या मुठीत. माझ्या मते चिवड्यात पिठीसाखर घालणाऱ्यांची बाजू इथेच भक्कम होते. बिनसाखरेचा चिवडा तिखटाने माणसाला थांबवतो, साखरेचा थांबवत नाही.

आता सुरुवातीच्या मोजणीकडे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. एका इमारतीच्या दारात रंगीत चॉकलेट गोळ्यांचं भांडं ठेवलं, सोबत कधी लहान चमचा, कधी मोठा. हवं तेवढं घ्या असं सांगूनही मोठा चमचा असेल त्या दिवशी लोकांनी बरंच जास्त घेतलं. माणूस पोटाचं ऐकतो त्याहून जास्त 'एका नगाचं' ऐकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक लाडू, एक करंजी ही मेंदूला कळणारी मापं आहेत. चिवड्याला नगच नाही. मूठ म्हणावी तर ती कधी चिमूट असते, कधी बकाणा.

त्यात वेगाची भर. अन्न आतड्यात पोचल्यावर तिथून निघणारी संप्रेरकं मेंदूला पुरे झाल्याचं कळवतात, आणि याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. भाकरी-भाजी खाताना तेवढा वेळ जातोच. चिवड्यात पाणी नाही, चोथा कमी, वजन हलकं, आणि चावलं की लगेच चुरा होतो. गप्पांच्या ओघात पंधरा मिनिटांत १०० ग्रॅम चिवडा संपणं अवघड नाही, आणि निरोप मेंदूपर्यंत जाण्याआधी ५०० कॅलरी पोटात गेलेल्या असतात. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली २० जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवून, दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, खाल्लंही भरभर. घरचा चिवडा म्हणजे कारखान्याचं अन्न नव्हे, हे मान्य. पण थोड्या वजनात भरपूर कॅलरी आणि खाण्याचा वेग, या दोन बाबतींत तो त्याच गटात बसतो.

आणि तरीही एक कोडं उरतं. पहिल्या तीन मुठींची मजा आठव्या मुठीला नसते. मग हात का जातो? मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी इथे एक फार मोलाचा भेद दाखवला. मेंदूत 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं, ते स्वतःहून खायला जाईनात, समोर अन्न असूनही उपाशी राहिले. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. चिवड्याच्या डब्याशी आपलं नेमकं उलटं होतं: आवड ओसरलेली असते आणि ओढ चालूच असते. मुलं डब्यातले काजू आणि दाणे वेचतात ते पाहा. पुढच्या मुठीत काजू येईल की नाही ते माहीत नसतं, आणि अशा अनिश्चित बक्षिसाची ओढ सर्वांत चिवट असते.

इतकं सगळं असूनही, आपल्या आजी-पणजीच्या घरात चिवड्याने कुणाचं आरोग्य बिघडवल्याचं ऐकिवात नव्हतं. कारण आवर माणसाच्या मनात नव्हता, बाहेर होता. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हवा इतकी दमट असते की केलेला चिवडा सादळायला एक दिवसही पुरतो. दिवाळी येते तेव्हा पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी होते आणि नवा भात घरात येतो. गोव्यात नरकचतुर्दशीला नव्या तांदळाचे फोव, म्हणजे पोहे, करायची रीत आहे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. चिवडाही त्याच मोसमाचा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. भाजायला, निवडायला, परतायला अख्खी दुपार जायची. डबा फडताळावर, पाहुण्यांसाठी राखलेला, आणि वाढणारा हात दुसऱ्याचा. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण सुदाम्याच्या पोह्यांची एक मूठ खातो आणि दुसरी उचलतो, तेव्हा रुक्मिणी त्याचा हात धरते. घरोघरी असं कुणीतरी हात धरणारं होतं.

पाकिटाने हे सगळं काढून टाकलं. आतून चकाकणारी धातूचा मुलामा दिलेली फिल्म ओल आत येऊ देत नाही. आत भरलेला नायट्रोजन तेलाला खवट होऊ देत नाही. त्यामुळे जुलैच्या मुसळधार पावसातही चिवडा तितकाच कुरकुरीत, आणि तो कोपऱ्यावरच्या टपरीत टांगलेला. अमेरिकेत लेज वेफर्सने १९६०च्या दशकात 'एकावर थांबून दाखवा' अशा अर्थाची जाहिरात केली. थांबता न येणं हा पदार्थाचा गुण म्हणून विकला जाऊ लागला. नाशिकचा खमंग कांद्याचा चिवडा, सांगलीचा भडंग, मक्याचा चिवडा हे आज बाराही महिने, लंडनपासून न्यू जर्सीपर्यंत मराठी घरांत मिळतात. याचा आनंदच आहे. पण मोसमाचा आवर गेला, त्याच्या जागी दुसरा आणला पाहिजे, आणि तो मनोनिग्रहाच्या भरवशावर ठेवता येणार नाही.

पाकीट घ्याल तेव्हा मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा आणि अडीचने गुणा, म्हणजे मीठ मिळेल. ८०० असेल तर दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. डबा किंवा पाकीट घेऊन टीव्हीसमोर बसू नका. वाटीत काढून घ्या, म्हणजे चिवड्यालाही नग मिळतो.

आणि यंदा घरी चिवडा झाला की नाशिककरांसारखं करून पाहा. वाटीभर चिवड्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर घाला, लिंबू पिळा. कांद्याने पाणी आणि चोथा येतो, वाटी लवकर भरते, खायला वेळ लागतो. कालवलेला चिवडा दहा मिनिटांत मऊ पडतो, त्यामुळे खायचा असेल तेवढाच कालवा.